वाटीतलं इंजिन

दादाने सुपाची वाटी ट्रेच्या मधोमध ठेवली आणि म्हणाला, "हे इंजिन."

धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. शर्यतीत गाडी उलटली, त्याला महिना होत आला होता. हात धड होते, डोकं धड होतं. कमरेखाली मात्र काही जाणवत नव्हतं, आणि जाणवणारही नाही असं डॉक्टर सांगून गेले होते. त्या दिवसापासून पठ्ठ्याने भिंत धरली होती. आधी बोलणं बंद झालं, मग खाणं. आज संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालणार, असं सिस्टरने मघाशीच बजावलं होतं. नळीने तो जगला असता, हे दादालाही कळत होतं. पण एकदा नळी लागली की हा पुन्हा कधी भिंतीकडून तोंड फिरवणार नाही, अशी भीती त्याच्या मनात घर करून बसली होती.

दादा मेकॅनिक होता. समजूत घालणं त्याला जमत नसे, आणि त्याची ती पुष्कळ घालून झाली होती. आता त्याच्याकडे एकच हत्यार उरलं होतं. धाकट्याला चुकीची गाडी सहन होत नाही, हे त्याला माहीत होतं. एका गिऱ्हाइकाने हौसेने बसवलेला भडक सायलेन्सर याने न विचारता काढून फेकला होता. पाठोपाठ गिऱ्हाईकही गेलं होतं. म्हणून दादा आज जगातली सगळ्यात मूर्ख गाडी बांधायला बसला होता.

"चारशे घोड्यांच्या ताकदीची गाडी," तो म्हणाला. "आणि आपल्या खिशाला झेपेल अशी. इंजिन आपल्या जुन्या छोट्या गाडीचंच." औषधाच्या बाटलीचं बूच त्याने ट्रेच्या पार कोपऱ्यात ठेवलं. "हा टर्बो. ट्रकचा. भंगारवाला जवळजवळ फुकट देतोय."

एवढ्याशा इंजिनात हवा कोंबायला ट्रकचा टर्बो म्हणजे पोराच्या अंगात बापाचा कोट.

दादाने बूच आणि वाटी यांच्यामध्ये चमचा आडवा ठेवला. "हा पाइप. चांगला लांबलचक. कूलर नको, तेवढीच बचत. हवा गरम गेली तर गेली."

दादाने भिंतीकडे वळलेल्या पाठीवर एक नजर टाकली आणि पुढे रेटलं.

"पिस्टन, रॉड आहेत तेच ठेवू. उगीच इंजिन कोण खोलत बसणार?"

असं केलं तर रॉड वाकून इंजिन फुटेल, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. धाकट्याने ब्र काढला नाही. सूप निवत चाललं होतं. दरवाजातून सिस्टरने एकदा वाटीकडे पाहिलं आणि ती पुढे गेली.

दादाचा मूर्खपणा संपला. आणखी काय बिघडवावं हे त्याला सुचेना. डोळे भरून आले, आणि आता काहीतरी बोलत राहायचं म्हणून, नकळत, तो नीट गाडी बांधू लागला. आधी इंजिन खोलायचं. रॉड मजबूत टाकायचे. टर्बो छोटा, कूलर पुढे रेडिएटरसमोर. बोलता बोलता त्याचा आवाज गॅरेजमधल्यासारखा झाला.

"आणि एवढी ताकद चाकांवर उतरवायची म्हणजे क्लच जड लागणार. चांगलाच जड. पण तुझ्या पायाला काय, सवय आहे."

बोलला, आणि तिथेच थांबला. इतका वेळ तो ठरवून चुकत होता. ही चूक ठरवलेली नव्हती. जीभ हासडून टाकावी असं त्याला वाटलं.

"कुठल्या पायाला?"

आवाज गंजलेला होता, पण धाकट्याचाच होता.

"हातावर घेऊ," दादा घाईघाईने म्हणाला. "क्लच हातावर घेऊ. लिव्हर मी करतो."

"चारशे घोड्यांचा क्लच हाताने?" धाकटा वळला. कमरेपासून वरचा तेवढा वळला. बाकीचा तसाच राहिला. दादाने मदतीला हात पुढे केला नाही. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? खांदा निखळेल. ऑटोमॅटिक टाक."

"महाग पडेल."

"मग घोडे कमी कर."

धाकट्याने ट्रेकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर राग होता, स्वच्छ, जुना राग. त्याने हात लांबवून कोपऱ्यातलं बूच उचललं आणि वाटीला खेटून ठेवलं.

"टर्बो इथे. आणि ट्रकचा म्हणे! मी गप्प आहे म्हणून वाट्टेल ते बोलशील?" त्याला धाप लागली होती, पण तो थांबला नाही. "आणि एवढा लांब पाइप हवाय कशाला?"

त्याने पाइप उचलला.

उचलला तो हातातच राहिला. दोघेही त्या चमच्याकडे बघत होते.

दादाने इंजिन हळूच त्याच्याकडे सरकवलं.