एकतिसावी उशी

कनेक्टिकटमधल्या त्या उपनगरी चर्चचा इतिहास लिहायचं काम ऑगस्टाबाईंकडे आलं, कारण जुनं सांगणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं. साठ वर्षांपूर्वी एकतीस बायकांनी प्रार्थनेला गुडघे टेकायच्या उशांवर लोकरीने वेली भरल्या होत्या; प्रत्येकीची आपली एक उशी. कोणी वारली की मागे राहिलेल्यांनी तिच्या उशीच्या कोपऱ्यात काळा क्रूस भरायचा, असा रिवाज. तिसावा क्रूस डावखुऱ्या लेटिशियाचा. तो ऑगस्टाबाईंनी नऊ वर्षांपूर्वी एकटीने बसून भरला होता.

“आता माझा कोण भरणार हो, फादर? तुम्हाला तर साधं बटण लावता येत नाही!”

फादर लॉवेल हसले. “मरायची कसली घाई? आधी इतिहास पुरा करा.”

ते जेवायला गेले. ऑगस्टाबाई एकेका उशीचा फोटो काढत राहिल्या. सगळ्यात शेवटी त्यांनी आपली उशी उचलली.

कोपऱ्यात काळा क्रूस होता. टाके उलटीकडे झुकलेले, डावऱ्या हाताचे. एकच टाका राहिला होता, आणि लोकरीला लटकलेली सुई अजून झुलत होती.