खारट हात

जन्मापासून नेसाच्या पेशींच्या पडद्यातली मिठाची दारं नीट उघडत नव्हती. त्यामुळे छातीत चिकट कफ साचायचा आणि घाम समुद्रासारखा खारट व्हायचा. बापाच्या म्हाताऱ्या गायीची मात्र चंगळ होती. नेसा गोठ्यात आली की ती तिचे हात चाटून काढायची. डब्लिनच्या डॉक्टरांनी ती दारं उघडणाऱ्या नव्या गोळ्या दिल्या, त्याला आज बारा दिवस झाले. नेसानं सवयीनं हात पुढे केला. गायीनं एकदा जीभ लावली आणि तोंड फिरवलं. “डॅड, ही बया रुसली बघ माझ्यावर!” बापानं दुधाची बादली टाकली, लेकीच्या कपाळाचा मुका घेऊन ओठांवरून जीभ फिरवली. “अळणी! माझी पोर अळणी झाली!” नेसा खदखदून हसली. हसण्यामागून खोकला यायचाच, म्हणून बापानं तिची पाठ धरली. खोकला आलाच नाही. “पुन्हा हस बघू,” बाप म्हणाला.