चार्जरवरची तीट

दोन्ही मोठे मॉनिटर एकदम काळे झाले, तेव्हा दिग्दर्शक फोनवर नायिकेच्या साडीच्या जांभळ्या रंगाबद्दल बोलत होता. त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. मागोमाग लॅपटॉपही बंद पडला. रेवतीने बटण दाबून धरलं. रिकाम्या बॅटरीचं चित्र एकदा लुकलुकलं आणि तेही गेलं.

याच आठवड्यात, पुन्हा. त्याच फोनवर अंधेरीच्या स्टुडिओतून तिची बॉस श्रुतिका बोलायला लागली. तिचा आवाज शांत होता, आणि तेच वाईट होतं. मालिकांच्या दृश्यांचे रंग जुळवायचं हे काम बाळंतपणानंतर रेवतीला घरून करायला मिळालं होतं, आणि हा आठवडा पारखण्याचा होता. श्रुतिका म्हणाली, जेवणानंतर परत बसू, पण हे शेवटचं हं यार, पुन्हा बंद पडलं तर मी दुसरं कोणीतरी बघते. रेवतीने घाईघाईने सांगितलं की नाही पडणार, आणि बाळाचंही काही टेन्शन नाही, आई आहे ना घरी.

आई निधीला खांद्यावर टाकून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होती. कमरेला पट्टा होता. मुलुंडला ती बारशापुरती आली होती. मग रेवतीचं काम ठरलं, आणि जायचं कुणी बोललंच नाही. पार्ल्याहून आणलेली तिची बॅग अजून दिवाणाशेजारी उभी होती. रोजची साडी ती बॅगेतूनच काढायची. बँकेतून निवृत्त झाल्यावर लावलेल्या सतारीच्या क्लासमधून फोन आला, की गॅलरीचं दार लोटून घेऊन बोलायची. रेवतीच्या नजरेतून काही सुटत नसे. निधीचा श्वास, गॅसचं बटण, खिडकीची जाळी, सगळं ती पुन्हा पुन्हा तपासायची. आईला रिकामा करून दिलेला कपाटाचा कप्पा रिकामाच आहे, हेही तिने पाहिलं होतं. जावयाच्या घरात आईला संकोच वाटत असणार, दुसरं काय.

रेवती टेबलाखाली शिरली.

हे सगळं मांडून दिलं, त्या दिवशी देवव्रतने नवरेपणा सोडून मास्तरकी केली होती. चार्जर आणि पडदे मधल्या डबीला जोडायचे, आणि त्या डबीपासून लॅपटॉपपर्यंत एकच केबल. तीच पडद्यांना चित्र पुरवणार आणि तीच लॅपटॉपला वीज. एवढ्या मोठ्या पडद्यांवर एवढं जड काम, म्हणजे चार्जर ताकदीचाच हवा. जुन्या लॅपटॉपचा चुकून लावलास तर चार्जिंगची खूण दिसेल, पडदेही लागतील, पण बॅटरी आतल्या आत उतरत जाईल आणि ऐन वेळी वाट लागेल. रेवती मान डोलवत राहिली. आई शेजारी बसून लंगोटांच्या घड्या घालत होती. मग निधीला तीट लावून झाल्यावर तिने काजळाचं तेच बोट नव्या चार्जरला टेकवलं. म्हणाली, महागाची वस्तू, दृष्ट नको लागायला. देवव्रत हसून हसून बेजार झाला होता.

भिंतीतल्या चार्जरवर तीट नव्हती. पांढरा, तेवढाच, पण कोरा. हा जुना होता. तो तर वरच्या फळीवर पडलेला असायचा.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम बदलला होता. आणि यातलं कळणारा घरात एकच माणूस होता. एक वर्ष थांबली असतीस तर काय बिघडलं असतं, असं तो परवाच म्हणाला होता. वर चहा आणून दिला होता.

रेवतीने त्याला विक्रोळीच्या ऑफिसात फोन लावला. हॉलमधून ऐकू जातंय याचं तिला भान राहिलं नाही. समोरून केबल जोडून देतोस आणि पाठीमागून चार्जर काढून घेतोस, हे तिने एकदा हळू आणि एकदा मोठ्याने सांगितलं. देवव्रत आधी हसला, मग म्हणाला, अगं, मी कशाला असं करेन, मीच तर सगळं जोडून दिलं ना. तो निधीची शपथ घ्यायला गेला, तेव्हा तिने फोन कापला.

हॉलमधल्या येरझाऱ्या थांबल्या. पाळण्याची कडी वाजली. मग बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

आई आत आली आणि तिने टेबलावर चार्जर ठेवला. कोपऱ्यातली तीट जराशी फिसकटली होती.

"देवव्रतला फोन कर," आई म्हणाली. "त्याला उगाच बोललीस."

"कुठे सापडला तुला?"

"सापडला नाही. मीच ठेवला होता."

रेवती बघत राहिली. कॉलेजच्या फीपासून पहिल्या मुलाखतीपर्यंत हीच बाई तिच्या मागे उभी होती. काही झालं तरी नोकरी सोडायची नाही, हे हिनेच तर तिच्या डोक्यात भरवलं होतं. देवव्रतवरचा राग कळण्यासारखा होता. आईचं हे वागणं कुठे ठेवावं ते तिला कळेना.

"तू, आई?" ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी केलं असतं तर एक वेळ..."

एका हाताने कंबर धरून आई टेबलाखाली वाकली. जुना काढला, नवा लावला. लॅपटॉप जागा झाला, पाठोपाठ दोन्ही पडदे उजळले. वेळ लावून ती उठली. त्या उजेडात रेवतीला तिचा चेहरा नीट दिसला.

"श्रुतिकाला सांगितलंस, देवव्रतला सांगितलंस, आई आहे ना," आई म्हणाली. "मलाच तेवढं विचारायचं राहिलं गं, की आई, आहेस ना?"