पाल पडू नये म्हणून

“बूच मीच लावलं व्हतं, बाय. आता सांग, त्यानंच गेला का माजा निकेश?”

हौसानं हे आजवर कुणाला विचारलं नव्हतं. लोकच तिला विचारत होते. पंचनाम्याला आलेल्या साहेबानं विचारलं, बूच कोणी लावलं? मग त्याच्या वरच्या साहेबानं. तेराव्याला जावेनं. महिना झाला, तिच्या घरात एकाही डब्यावर झाकण नव्हतं. मिठाला पाणी सुटलं होतं. ते जळकं पिंप पनवेलच्या एका प्रयोगशाळेत तपासलं, असं कळल्यावर ती कोन गावाहून एकटीच निघून आली होती.

तपासणारी आभा तिच्या मुलाच्या, निकेशच्याच वयाची होती. तिनं स्टूल पुढे सरकवलं.

“मावशी, बसा. पिंपाचं काय काय केलंत, ते सांगा.”

“आमच्याकडं एक दिवसाआड पानी. साठवाला म्हनून निकेशनं कळंबोलीच्या भंगारातनं पिंप आनलं. रिकामंच व्हतं. पन वास मारत व्हता. मी सोडा टाकून तीनदा धुतलं. लोनच्याची बरनी घालतो तसं तीन दिस उन्हात घातलं. आत पाल पडू नये म्हनून बूच लावलं. चवथ्या दिवशी त्यानं वरचा पत्रा कापाला ग्राइंडर लावला.”

पुढचा आवाज अख्ख्या कोननं ऐकला होता.

“त्यात थिनर होतं,” आभा म्हणाली. “ते पाण्यानं जात नाही. आणि थिनर स्वतः पेटत नाही, मावशी, त्याची वाफ पेटते. रिकाम्यात वाफेला जागा मिळते, म्हणून भरलेल्यापेक्षा रिकामं पिंप वाईट.”

“ह्ये कुनी सांगाचं आमाला?”

“लेबलवर लिहिलेलं असतं.”

“लेबल खरवडलेलं व्हतं.”

लेबल खरवडलं की पिंप साफ झालं, असा भंगारवाल्यांचा हिशेब. खरवडणाऱ्याला एकाही साहेबानं हटकलं नव्हतं. सगळ्यांना मेलं बूच तेवढं दिसलं.

“दाखवते,” आभा उठली.

तिनं पितळी पेल्यात थिनर ओतलं, पेला बर्फात बसवला आणि वर झाकण लावलं. झाकणाला एक बारीक खिडकी होती. बर्फ वितळू लागल्यावर थर्मामीटरचा पारा एकेक डिग्री चढला, की ती खिडकी उघडायची आणि तांदळाच्या दाण्याएवढी ज्योत आत डोकवायची. दोन डिग्री. तीन. चार. पाचाला पेला फप् करून निळा झाला आणि लगेच विझला.

हौसाचा पदर तोंडाशी गेला. “बर्फात पेटलं?”

“बर्फात. तुमच्या अंगणात त्या दिवशी अडतीस डिग्री होतं.”

“आता बूच काडून दाखव.”

आभानं दुसरा पेला घेतला, झाकण नसलेला. पुन्हा बर्फ, पुन्हा थिनर. ज्योत वरून फिरू लागली. पाच. काही नाही. सहा. सात. हौसा पेल्याकडे डोळे लावून बसली होती. पेटू दे म्हणावं की नको, तेच तिला कळेना. आठ. नवाला निळी झळक पेल्यावरून सरकली.

आभाचा जीव भांड्यात पडला. “बघा. उघडं असतं तरी पेटलंच असतं. चार डिग्रीचा फरक. तेवढ्या उन्हात चार डिग्री म्हणजे काहीच नाही. तुमची चूक नाही, मावशी.”

हौसानं मान हलवली. खिडकीबाहेर ट्रक मागे घेताना कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे.

“पन फरक हाय,” ती म्हणाली.

“मावशी, ऐका माझं...”

“चारचा का व्हयना. हाय ना?”

आभा आवराआवर करू लागली. काम संपलं की पेला झाकायचा, तसं सवयीनं तिनं झाकण उचललं.

हौसानं तिचं मनगट धरलं.

“नको, बाय,” ती म्हणाली. “उघडंच राहू दे.”