तेल परत आणायचं तर

बाहेर छप्पन्न अंशांचं ऊन होतं. गावाला गारवा देणारा कॉम्प्रेसर एकच. म्हणून नियंत्रण कक्षाच्या हुकमाने दुपारी घरोघरचा गारवा बंद असे आणि सगळं गाव थंड देवळात कीर्तनाला बसे.

यंत्र सांभाळणारी हौसाक्का धावत आली. “बुवा, कॉम्प्रेसरच्या काचेत वंगणाचं तेल दिसत नाही. गॅसबरोबर गेलं ते बंद घरांच्या नळ्यांत साचलंय. सगळी घरं एकदम चालू झाली, गॅस जोरात धावला, तरच ते परत येईल. नाहीतर तासाभरात यंत्र जळेल, मग देऊळही तापेल.”

भोंग्यातून नियंत्रण कक्ष गरजला, “एकही घर चालू झालं तर आठवडाभर निम्मी वीज!”

निवृत्तिबुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. “मंडळी, आख्यान थांबवतो. डोक्याला ओले पंचे बांधा, घरी पळा, बटणं दाबा.”

“अहो बुवा, आणि निम्मी वीज?”

“अंधारात अभंग म्हणता येत नाही होय रे तुला, गणोबा?”

हसत हसत गाव उन्हात उतरलं. पंधरा मिनिटांत काचेत तेल चढलं.

“ताबडतोब बंद करा!” भोंगा ओरडला.

“करतोय की,” हौसाक्का म्हणाली, “पण घरं बंद राहिली की तेल पुन्हा अडकणार, म्हणून उद्या दुपारी पुन्हा चालू करणार. आणि परवाही. आताच लिहून ठेवा.”