पांढरा घोडा

पडद्यावर पांढरा घोडा आलाच नाही.

टापा वाजल्या, धूळ उडाली आणि धुळीतून एक खिळखिळी घोडागाडी बाहेर आली. जुंपलेला घोडा काळा कुळकुळीत आणि इतका मरतुकडा, की गाडीच त्याला ढकलत होती म्हणा ना. नायक मागे पोत्यांवर बसून आला.

"आला बघ पांढऱ्या घोड्यावरून!" मागच्या आरामखुर्चीतून बाबा म्हणाले.

सतरंजीवर बसलेला मुलगा चपापला. शेजारी बसलेल्या बायकोनं त्याच्याकडे बघितलं. तिलाही ऐकू गेलं होतं.

बाबा तीस वर्षं थिएटरात डोअरकीपर होते. तिकिटं फाडायची, लोक आत सोडायचे, दार लावायचं. रोज तीन खेळ फुकट, म्हणून अख्खी गल्ली त्यांचा हेवा करायची. हा सिनेमा तर पंचवीस आठवडे चालला होता. मुलानं तो कधी पाहिला नव्हता, पण लहानपणी बाबांच्या तोंडून शंभरदा ऐकला होता. पांढरा घोडा, निळी होडी, होडीतलं गाणं, आणि शेवटी लाल शाल पांघरलेली आई दार उघडते आणि घर सोडून गेलेल्या नायकाला पोटाशी धरते. तिथं तो दर वेळी रडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सिनेमा मागायचा.

पण गेले दोन महिने बाबांचं काही खरं नव्हतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला. एकदा शेजाऱ्यांच्या चपला घालून ते पार चौकापर्यंत जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "वस्तू विसरणं वयाचंही असू शकतं. वर्षानुवर्षं पाठ असलेलं निसटतंय का ते बघा आणि सोमवारी या."

आता बाबांना या सिनेमाइतकं पाठ दुसरं काय असणार? मुलानं कुठून कुठून शोधून तो मिळवला आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर टीव्हीवर लावला. "तुम्ही सांगायचात तितका भारी आहे का, बघू तरी," असं वरवर म्हणाला. कान मात्र बाबांकडे लावून बसला.

लक्षण काही बरं दिसेना. सिनेमा मुळात काळा-पांढरा निघाला, तिथंच माशी शिंकली. मग घोड्याचं असं झालं. थोड्या वेळानं पाण्याचा आवाज आला. "निळी होडी," बाबा समाधानानं म्हणाले. पडद्यावर नायिका बादलीत कपडे खळबळत होती आणि खळबळता खळबळता गात होती.

मुलानं मान खाली घातली. सगळं संपलं, असंच त्याला वाटलं.

"अहो," बायको कुजबुजली, "बाबांचे संवाद ऐका ना. एकही चुकत नाहीये."

खरंच की! नटाच्या आधी बाबा बोलत होते. खलनायकाचं ते लांबलचक भाषणसुद्धा, मधल्या खोकल्यासकट. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मुलगा गर्रकन मागे वळला. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"बाबा! डोळे मिटून काय बघताय?"

"उघडले होते रे सुरुवातीला. ती हिरॉईन काही पटली नाही मला. माझी बरी होती. मग मिटले परत."

"तुमची म्हणजे? हा सिनेमा पाहिलाय ना तुम्ही?"

"कधी पाहणार? माझं स्टूल दाराबाहेर. मॅनेजर महाखडूस, दार लागलं की आत डोकावायचं नाही. आवाज मात्र खणखणीत यायचा. रंग बाहेरच्या पोस्टरवरून घेतले. बाकीचं तू झोपेपर्यंत मनानंच रचत न्यायचं, दुसरं काय!"

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्या दिवशी परत तिथंच जाऊ? येडा का काय तू?"

मुलाचा जीव भांड्यात पडला. बायको तोंडावर हात ठेवून हसत सुटली. दाराबाहेर बसून ज्यानं अख्खा सिनेमा पाठ केला आणि इतकी वर्षं सांभाळला, त्या माणसानं चष्मा खुशाल फ्रीजमध्ये ठेवावा. सोमवारी डॉक्टरांना सांगायला काय गोष्ट मिळाली होती!

पुढचा तासभर मजेत गेला. बाबा आपला सिनेमा सांगायचे, ही दोघं पडद्यावरचा सांगायची आणि तिघं हसायची. बाबांची मारामारी जिन्यावर होती, पडद्यावर नुसतं कपाट सरकवत होते.

मग बाबांनी हात वर करून दोघांना थांबवलं. "शेवट आला," ते हळूच म्हणाले. "इथं कुणी बोलतच नाही. चार मिनिटं नुसतं व्हायोलिन. लोक डोळे पुसत बाहेर यायचे. आता डोअरकीपरनंच त्यांना शेवट विचारायचा का? म्हणून मी आपला माझा घातला. पण खरं काय होतं ते एकदा कळायला हवं रे. मला धीर होत नाही. तू बघ आणि सांग."

व्हायोलिन सुरू झालं. पडद्यावर एक बंद दार होतं. नायक दारापुढे उभा होता. त्यानं कडी वाजवायला हात उचलला, तोच आतला दिवा विझला. नायक बराच वेळ तसाच थांबला. मग वळला आणि चालू लागला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. डोळे घट्ट मिटलेले होते.

मुलानं मागे सरकून त्यांचा हात हातात घेतला.

"दार उघडलं, बाबा," तो म्हणाला. "लाल शाल आहे आईच्या अंगावर."