चढा धैवत

विद्यापीठाच्या संगीत विभागात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. सायुरीने बंदिश धरली आणि परीक्षक म्हणून बसलेल्या त्र्यंबकबुवांनी तिला हाताने थांबवलं. ही चीज त्यांनी फक्त आपल्या लेकीला, कुंदाला शिकवली होती. कुंदा लहानपणीच गेली. त्यानंतर त्यांनी ती कुणापुढे गायली नव्हती.

“ही कुणी दिली तुला?”

“तुम्हीच, गुरुजी. प्रयोगशाळेने तुमच्या मेंदूतली तालीम आमच्यात उतरवली ना, त्यातच आली.”

“म्हण पुढे.”

अंतऱ्यात तिचा धैवत किंचित चढा लागला. कुंदाचाही तिथेच चढायचा, कितीही रागावलं तरी. बुवांनी डोळे मिटले.

“पुन्हा म्हण.”

सायुरी पुन्हा गायली. विभागप्रमुख देवस्थळी मॅडम ओशाळल्या आणि प्रयोगशाळेला फोन करून आल्या.

“माफ करा, बुवा. तेवढा दोष राहिला होता. आता तुमच्या तालमीच्या मूळ प्रतीतून आणि सगळ्या मुलांतूनही काढून टाकलाय.”

या खेपेला सायुरीचा धैवत अगदी जागेवर लागला. बुवांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

घरी जाताना त्यांनी तो चढा धैवत स्वतः लावून पाहिला. उभा जन्म रियाज केलेला गळा काही केल्या बेसूर होईना.